माऊस सारखा डिस्कनेक्ट होतोय? आधी तो केव्हा जातो ते टिपा

पुण्यात घरोघरी आणि छोट्या ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करताना एक तक्रार बाराही महिने ऐकू येते: "माऊस मध्येच जातो आणि आपोआप परत येतो." पूर्ण मेलेला माऊस सोपा, दुसरा लावला की विषय संपला. हा जाणारा-येणारा माऊस मात्र दुकानात नेला की नीट चालतो आणि घरी आणला की पुन्हा तेच. मग कोणी नवा माऊस गळ्यात मारतं, कोणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणून सांगतं. दोन्ही करून झालंय आणि तरी माऊस जातोच आहे, अशी मशीन माझ्याकडे बरीच येतात. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी किंवा एमपीएससीचा फॉर्म भरताना माऊस गेला की माणूस किती कासावीस होतो ते मी जवळून पाहतो. आणि यातले बहुतेक दोष फुकट किंवा शंभर-दोनशे रुपयांत निघणारे असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं सांगणं एकच आहे. माऊस का जातो हे शोधायच्या आधी तो केव्हा जातो ते शोधा. कीबोर्डशेजारी कागद-पेन ठेवा. माऊस गेला की वेळ लिहा आणि त्या क्षणी काय चाललं होतं तेही लिहा: वायर ओढली गेली, पेनड्राइव्ह लावला, ऑनलाइन मीटिंग सुरू होती, बराच वेळ हात लावला नव्हता, खाली पाण्याचा पंप सुरू झाला. दोन-तीन दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की कारण बहुधा दिसायलाच लागतं.

गेला म्हणजे नक्की काय झालं?

स्पीकर चालू ठेवा. यूएसबीला काही जोडलं की विंडोज दोन सुरांचा छोटा आवाज करतं, काढलं की उतरत्या सुरांचा. माऊस थांबला आणि त्याच क्षणी तो उतरता आवाज आला, तर कॉम्प्युटरच्या लेखी माऊस खरोखरच काढला गेलाय. दोष वायर, पोर्ट, हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा विजेत शोधायचा. वायरलेस माऊस थांबला पण आवाज काहीच आला नाही, तर डोंगल (कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात लावलेला माऊसचा छोटा रिसीव्हर) जागेवर शाबूत आहे आणि डोंगल व माऊस यांच्यातला संपर्क तुटलाय. दोष सेलमध्ये नाहीतर हवेत. या एका खुणेने अर्धी शोधाशोध वाचते, म्हणून ती आधी पाहा.

दुसरी खूण कीबोर्डची. माऊस थांबला की कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागला-विझला तर मशीन जागं आहे आणि फक्त माऊस गेलाय. यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकदम जात असतील, तर माऊसला दोष देण्यात अर्थ नाही. दोघांना सामाईक असलेला हब, पोर्टांची जोडी किंवा मदरबोर्ड (मशीनच्या आतला मुख्य सर्किट बोर्ड) बघावा लागेल.

बाण थरथरत असेल किंवा उड्या मारत असेल तर ते डिस्कनेक्ट होणं नाही. काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल माऊस चालत नाही, फार चकचकीत सनमायकावर अडखळतो. खाली एक कोरा कागद ठेवा आणि पुढे चला.

यानंतर अदलाबदल. तुमचा माऊस दुसऱ्या मशीनला लावा आणि दुसऱ्याचा माऊस तुमच्या पोर्टात लावा. दोन्ही बाजूंनी करा, एकीकडचं उत्तर अपुरं पडतं. आणि पाच मिनिटांत निकाल लावू नका. तुमच्या नोंदींत माऊस साधारण तासाने जात असेल तर दुसरा माऊसही निदान तेवढा वेळ वापरून बघा. दुकानात माऊस "नीट चालतो" तो याच घाईमुळे.

तोवर काम अडू नये म्हणून: डावं अल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विंडोज विचारेल त्याला हो म्हणा. आता कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं. विंडोज की आणि एक्स दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या सगळ्या भागांची यादी, उघडतो. शिफ्ट आणि एफ१० म्हणजे राइट क्लिक. एवढं पाठ असलेला माणूस ऐन वेळी फॉर्म सबमिट करू शकतो.

वायर हलली की जातो

वायरच्या माऊसमध्ये हे कारण सगळ्यात जास्त सापडतं. वायर माऊसमधून बाहेर पडते तिथे रोज दुमडली जाते, आणि वरचं आवरण धड दिसत असताना आतली बारीक तार तुटते. माऊस टेबलावर स्थिर ठेवा, बाण बघत राहा आणि वायर टप्प्याटप्प्याने दोन बोटांत धरून हळूच वाकवा. आधी माऊसकडचं टोक, मग मधला भाग, मग पिनेकडचं टोक. ज्या जागी वाकवताना उतरता आवाज येतो तिथेच तुटलंय.

आत चार तारा असतात. ठरलेल्या रंगांप्रमाणे लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. वाकवताना खालचा दिवाही विझत असेल तर बहुधा लाल किंवा काळी तुटलीय. दुरुस्ती सरळ आहे: तुटका भाग कापून टाकायचा आणि उरलेली वायर पुन्हा सोल्डर करायची. स्वस्त माऊसमध्ये रंग वेगळेही असतात, म्हणून कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साधा माऊस असेल तर मी ही खटपट करू नका म्हणेन, त्याच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होते. चांगला, हाताला बसलेला माऊस असेल तर जरूर करा.

डेस्कटॉपवाल्यांनी पुढचे पोर्टही तपासायचे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ते जोड ढिले होतात. माऊस मागच्या पोर्टात, थेट मदरबोर्डवर लावा. एवढ्यानेच थांबला तर माऊस चांगला आहे.

हात काढला की जातो

थोडा वेळ वाचत बसलात, फोन घेतला, आणि परत आलात तर माऊस मेलेला. क्लिक केलं किंवा काढून लावला की येतो. इथे विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं आणि काही माऊस त्या झोपेतून नीट उठत नाहीत. लॅपटॉप बॅटरीवर असताना हे जास्त होतं.

स्टार्टमध्ये "एडिट पॉवर प्लॅन" शोधा, त्यातून अॅडव्हान्स्ड सेटिंग उघडा, "यूएसबी सेटिंग्ज" खाली "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" असेल ते डिसेबल करा, बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये अगदी खाली "युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स" उघडा. त्यातल्या प्रत्येक "यूएसबी रूट हब"च्या प्रॉपर्टीजमध्ये "पॉवर मॅनेजमेंट" टॅब असतो. तिथली कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू देण्याची टिक काढा. माऊसच्या स्वतःच्या नोंदीतही अशी टिक असली तर तीही काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही, तिथे पहिल्या सेटिंगवर भागवावं लागतं. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांनी दिलेल्या लॅपटॉपवर हे पर्याय बरेचदा कुलूपबंद असतात. तिथे स्वतः खटपट न करता कंपनीच्या आयटी विभागाला नेमकं या सेटिंगचं नाव सांगून तिकीट टाका.

आणखी एक. विंडोजमध्ये "शट डाउन" केल्यावर मशीन बहुधा पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे आतली अर्धी स्थिती जपून ठेवली जाते. "रीस्टार्ट" मात्र सगळं नव्याने सुरू करतो. रोज बंद-चालू करूनही दोष जात नसेल तर एकदा रीस्टार्ट करून बघा.

डोंगलचा माऊस: अंगठ्याएवढ्या रिसीव्हरची मोठी अडचण

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण लोक विनाकारण सगळ्यात जास्त माऊस इथे फेकून देतात.

डोंगलवाले जवळपास सगळे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, एवढाच. त्यातच जुनं वाय-फाय, त्यातच ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच आसपास. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेची कल्पना करा: एका खोलीत चाळीस-पन्नास मुलं, प्रत्येकाकडे मोबाइल, बऱ्याच जणांच्या कानात ब्लूटूथचे इअरबड, समोर लॅपटॉप आणि वायरलेस माऊस. तिथे संध्याकाळी माऊस अडखळतो आणि सकाळी लवकर नीट चालतो, यात माऊसचा काय दोष?

पण खरा उपद्रव बरेचदा आपल्याच मशीनमधून येतो. यूएसबी ३.० च्या पोर्टात डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंद या वेगाने जातो आणि त्या संकेताचा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो. २.४ गिगाहर्ट्झ त्यात बरोबर सापडतं. इंटेलने २०१२ साली यावर एक तांत्रिक टिपण काढलं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क, तिची वायर आणि पोर्ट यांच्यातून निघणारा गोंगाट जवळच्या वायरलेस माऊसला कसा त्रास देतो, ते त्यात मोजमापांसह आहे. तुमच्या कागदावर "बॅकअप घेताना गेला", "पेनड्राइव्ह लावल्यावर गेला" अशा नोंदी असतील तर कारण सापडलं म्हणून समजा.

उपाय अंतराचा. गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर शेजारच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं, तसं डोंगल माऊसजवळ न्यायचं आणि ढोलापासून लांब. अर्धा ते एक मीटरची यूएसबी २.० ची एक्स्टेंशन वायर घ्या, तापकीर गल्लीत किंवा कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. तिच्या टोकाला डोंगल लावून ते टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवा. काही माऊसच्या खोक्यात अशी छोटी वायर मिळते आणि लोक ती खोक्यासकट टाकून देतात. लॅपटॉप असेल तर निदान हार्ड डिस्क एका बाजूला आणि डोंगल दुसऱ्या बाजूला लावा. पोर्टाच्या आतली पट्टी निळी असेल तर ते बहुधा ३.० असतं. डोंगलसाठी काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीचं जुनं २.० पोर्ट असेल तर ते वापरा.

सरकारी कचेऱ्यांमध्ये आणि जुन्या ऑफिसांत आणखी एक अडथळा असतो: लोखंडी टेबल, त्याखाली लोखंडी कॅबिनेट आणि डोंगल त्याच्याही मागच्या पोर्टात. धातूच्या आडून हा क्षीण संकेत पोचत नाही. इथेही तीच एक्स्टेंशन वायर कामी येते.

राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा, म्हणजे २.४ वरची तेवढी गर्दी कमी होते. शेजाऱ्यांची वाय-फाय आपल्या हातात नसते, पण आपलं राउटर आणि डोंगल एकाच मेजावर शेजारी-शेजारी न ठेवणं हातात असतं.

डोंगल हरवलं म्हणून तसंच दिसणारं दुसरं आणलं तर ते चालेलच असं नाही. लॉजिटेकचं युनिफाइंग रिसीव्हर सहा उपकरणांपर्यंत जोडता येतं, पण २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्याच बोल्ट या नव्या रिसीव्हर-पद्धतीच्या माऊसशी ते जुळत नाही. बऱ्याच स्वस्त माऊसची डोंगलशी जोडी कारखान्यातच बांधलेली असते.

सेल

माऊस उचलून टेबलावर टेकवला की जातो, किंवा उलट टेकवल्यावरच येतो, तर सेलचा संपर्क ढिला आहे. झाकण उघडून स्प्रिंग किंचित ओढून घ्या. पावसाळ्यात या पट्ट्यांवर ओल धरते. जुना सेल गळला असेल तर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसेल. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी व्हिनेगरमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या कापसाने पुसा, मग कोरडं करून एक दिवस उघडं ठेवा. रिमोट-घड्याळातले साधे सेल माऊसमध्ये घालू नका, अल्कलाइन घ्या. चार्जिंगचे सेल चालतात, पण ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्याने काही माऊस भरलेल्या सेललाही "बॅटरी कमी" म्हणतात.

ब्लूटूथवाले

लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. मीटिंग चालू असताना किंवा मोठी फाइल उतरवताना माऊस अडखळत असेल तर आधी वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. डिव्हाइस मॅनेजरमधल्या ब्लूटूथ अडॅप्टरची वीज वाचवणारी टिक काढा. मग माऊस यादीतून पूर्ण काढून पुन्हा पेअर करा. ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) घ्यायचा तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून.

पंप सुरू झाला की जातो

हे ऐकून लोक विश्वास ठेवत नाहीत, म्हणून एक उदाहरण सांगतो. नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांचा माऊस रोज साधारण ठरावीक वेळांना जायचा, उतरता आवाज करून. माऊस बदलून झाला होता, विंडोजही नव्याने टाकून झालं होतं. त्यांनी लिहिलेल्या वेळा इमारतीच्या पाण्याच्या पंपाच्या वेळांशी तंतोतंत जुळल्या. वायरमनने पाहिलं तेव्हा एक्स्टेंशन बोर्डातली अर्थिंगची तार सुटलेली निघाली. तार जोडली, त्रास थांबला.

मोटार सुरू किंवा बंद होताना वायरिंगमध्ये विजेचा झटका येतो. पंप, लिफ्ट, मिक्सर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सगळ्यांचं तेच. अर्थिंग नसेल तर तो धक्का जिरायला वाट मिळत नाही आणि यूएसबीचं संभाषण तुटतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि कितीतरी जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. लॅपटॉपवर तपासणी सोपी आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. त्रास थांबला तर चार्जर किंवा अर्थिंगकडे बोट जातं. चार्जिंगला असताना धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, ही सुद्धा बहुधा त्याचीच खूण. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरवर शून्याच्या जवळ, फार तर एक-दोन व्होल्ट असावा. हे मोजमाप आणि दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः सॉकेट उघडू नका. माऊस राहू द्या, अर्थिंग हा घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी होते. तेव्हा खुर्चीवरून उठून बसताना अंगावर साठलेली स्थिर वीज माऊसला स्पर्श करताच उतरते आणि माऊस जातो. फक्त थंडीत आणि फक्त बसता-उठताना जात असेल तर तेच समजा. याही ठिकाणी चांगली अर्थिंग उपयोगी पडते.

हबवर लावलाय?

यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. अडॅप्टर नसलेला २.० चा हब तेवढीच वीज सगळ्यांत वाटतो, नियमाप्रमाणे दर पोर्टाला १००. त्यावर बाहेरची हार्ड डिस्क लावली की व्होल्टेज खाली येतो आणि पहिला बळी माऊसचा जातो. माऊस थेट मशीनला लावा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

फॉरमॅटच्या आधी

दोष विंडोजचा की यंत्राचा, हे फॉरमॅट न करता कळतं. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या आणि मशीन त्यावरून चालू करून "ट्राय" पर्याय निवडा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. तिथेही माऊस जात असेल तर दोष हार्डवेअरचा आहे आणि फॉरमॅट करून काहीच साधणार नाही. तिथे नीट चालला तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून माऊसची नोंद अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, मग चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून टाका. "सगळे ड्रायव्हर अपडेट करतो" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. माऊसच्या तक्रारीतून सुरू होऊन जाहिरातींनी भरलेलं मशीन साफ करायची वेळ मी अनेकांवर आलेली पाहिलीय.

असेंबल्ड डेस्कटॉप असेल तर बायोसही (मदरबोर्डमधलं, मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) पाहा. एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटण्याचा दोष कंपनीने २०२१ मध्ये स्वतः मान्य केला आणि त्याच वर्षी बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली. त्या काळातला बोर्ड असेल आणि बायोस कधीच अपडेट केलेला नसेल तर ते करा, पण यूपीएसवर. मध्येच लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो.

एवढं करूनही सुटलं नाही तर मशीन दुरुस्तीला नेताना माऊस, डोंगल, चार्जर आणि घरी वापरता तोच हब बरोबर न्या, नुसता सीपीयू नको. नोंदींचा कागद दाखवा आणि उतरता आवाज येतो की नाही ते पहिल्या वाक्यात सांगा. आणि माऊसचं बिल शोधा. नावाजलेल्या कंपन्यांच्या माऊसवर एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते. ती शिल्लक असेल तर स्क्रू उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला जा, कारण आतून उघडलेला माऊस ते बहुधा बदलून देत नाहीत.